नित्याच्या वापरांतील जुनी मोटार

हिंदुस्थान मोटर्स कंपनीची ‘काँटेसा’ ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस तिच्या अंगकाठीचें वर्णन करून सांगावयास नको. अमेरिकेंत ज्या दांडग्या गाड्यांस ‘मसल कार’ म्हणतात, त्यांची आठवण करून देणारी आपल्याकडील गाडी बहुधा हीच. १९८४ पासून २००२ पर्यंत ती बंगालमधील उत्तरपाडा येथें तयार होत असे. सांगाडा विलायतेंतील व्हॉक्झॉल व्हिक्टर गाडीचा. पण आरंभीं बसविलेलें १४८९ घनसेंटिमीटरांचें एंजिन अँबॅसडरच्या घराण्यांतलें, सुमारें ५० अश्वशक्तीचें. भीमाच्या अंगांत विराटपुत्र उत्तराचें बळ, असें कोणी म्हटलें तर आम्ही हरकत घेणार नाहीं. पुढें इसुझूचें १८१७ घनसेंटिमीटरांचें, ८८ अश्वशक्तीचें एंजिन व पांच गिअर आले, तेव्हां कोठें रूपास साजेसें बळ आलें.

अशी एक इसुझू-काँटेसा आमच्या परिचयाच्या एका वऱ्हाडी कुटुंबांत आहे, आणि सध्यां तेथें तिच्यावरून वाद चालू आहे. थोरले बंधु म्हणतात, विकावी. मधले म्हणतात, वडिलांची आठवण म्हणून झांकून ठेवावी. पुतण्याची नोकरी परतवाड्यास. कामासाठीं त्यास वरचेवर सेमाडोहास जावें लागतें. तो म्हणतो, गाडी रोज वापरूं आणि वर्षांतून एकदां ‘ऑटोक्रॉस’लाहि नेऊं. आमचें मत विचारण्यांत आलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

झांकून ठेवण्याचा पक्ष सर्वांत निरुपद्रवी दिसतो. आम्हांस तो सर्वांत घातक वाटतो. उभ्या गाडीच्या टाकींत पेट्रोल शिळें होतें, ब्रेकच्या सिलिंडरांतलें रबर चिकटतें, टायर एका अंगास चपटतात, आणि उंदरांस वायरींचा फराळ मिळतो. त्यांतून आतां पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतलें पाणी ओढून घेतें आणि जुन्या रबरी नळ्यांस अपाय करितें. नळी चिरून पेट्रोल तापलेल्या एंजिनावर गळूं लागलें तर काय होईल, हें सांगावयास नकोच. म्हणून आधीं नळ्या बदलाव्या. रंगाचें मागाहून पाहतां येईल.

कायद्याचीहि बाजू आहे. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें ५० वर्षांवरील मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करतां येते; परंतु तशी नोंद झाली कीं प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगांखेरीज ती नित्य रस्त्यावर आणतां येत नाहीं. काँटेसा अजून त्या वयाची नाहीं. तिला पहिल्या १५ वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, शिवाय पर्यावरण कर. खर्च आहे खरा. पण परक्या माणसाची नजर पांच वर्षांनीं तरी गाडीखालून फिरते, याचें आम्हांस समाधान वाटतें.

आतां ऑटोक्रॉस. हा शब्द ऐकून घरांतील वडील माणसें दचकलीं, तें साहजिक आहे. पण येथें गाडी गाडीशीं झोंबत नाहीं. मोकळ्या मैदानांत शंकु मांडून वांकडीतिकडी वाट आंखतात, आणि घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात. शंकु पडला तर दंडाचे सेकंद वाढतात, इतकेंच. काँटेसाचें बळ मागच्या चाकांस मिळतें. मातींत वळतांना जरा अधिक पेट्रोल दिलें कीं मागचें अंग बाहेर घसरतें. तें घसरूं देऊन पुन्हां सरळ करणें, यांतच त्या खेळाची सारी मौज.

परंतु बिहालीपासून घाट चढूं लागला म्हणजे तीच मौज वैरीण होते. घटांगपासून एक वाट चिखलदऱ्यास फुटते, दुसरी उतरत सिपनेच्या कांठीं सेमाडोहास जाते. पावसाळ्यांत रस्ता पानांनीं निसरडा असतो. हा १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प; वळणापलीकडे शंकु नसतो, गवा असतो, नाहीं तर कोरकू वस्तींतलें एखादें पोर. या गाडींत एअरबॅग नाहींत, चाकें जाम होऊं न देणारा ब्रेकहि नाहीं. मैदानावर ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल जुनें असेल तर त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतें. हा प्रकार सपाट मैदानांत झाला तर हंसण्यावारी जाईल. उतारावर पाय खालीं जाऊन गाडी थांबलीच नाहीं, तर?

यास्तव आम्हीं पुतण्यास कळविलें आहे, कीं गाडी वापरावी व मैदानावरहि न्यावी. मात्र मैदानावरून आल्यावर ब्रेक ऑइल बदलून, चाकें काढून पाहिल्याखेरीज घरच्या माणसांस तींत बसवूं नये. घाट उतरतांना खालच्या गिअरवर उतरावें. प्रथम थोरल्या बंधूंस शेजारीं बसवून एकदां सेमाडोहास जाऊन यावें, म्हणजे विकण्याचा प्रश्न त्यांच्याच तोंडून निकालांत निघेल, कसाहि निघो.

या सगळ्या वादांत वहिनींस मात्र कोणीं विचारलेलें दिसत नाहीं. मागच्या आसनावर आजींना व मुलांना घेऊन बसणार त्याच. मागें पट्टे नसतील तर ते बसविण्याचा खर्च आम्हीं नळ्यांच्या खर्चाबरोबरच धरावयास सांगितला आहे.