दांडी वाकवली, पण कुणासाठी?

सध्या पोस्टिंग जालंधरला आहे. छावणीत लाइन्सपासून मेस, मेसपासून ऑफिस अशी सगळी धावपळ सायकलवरच चालते. सायकलींचं गाव म्हणून ओळखलं जाणारं लुधियानाही इथून जवळच. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीला निघताना पुतणीसाठी सायकलच न्यायची, असं ठरवलं. ती आठवीत आहे. शाळा गावापासून पाच किलोमीटर, मध्ये एक मोठा चढ.

दुकानात नजर एकाच सायकलीवर खिळली. फ्रेम विजेच्या रेघेसारखी वळलेली, नळ्या मनगटाएवढ्या जाड आणि मधोमध लालभडक स्प्रिंग. उभी असतानाही धावतेय असं वाटावं! किंमत दिली, रेल्वेने पार्सल केली, घरी नेली. पोरगी खूश झाली. दोन दिवसांनी म्हणाली, "काका, दप्तर कुठं ठेवू?"

कॅरिअर बसवायला जागाच नव्हती. मागचं चाक स्प्रिंगवर हलणारं, त्यामुळे नेहमीचं कॅरिअर बसेना. मी म्हणालो, पाठीवर घे. जानेवारीत वहिनींचा फोन आला. सायकल अंगणात उभी आहे, पोरगी पायी जाते, घरी यायला अंधार पडतो. चढावर दम लागतो आणि मागचा सांधा खडखड वाजतो, एवढंच त्यांनी सांगितलं. चूक माझी होती, पायपीट तिची.

इथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला हे सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "फौजी साहब, वो दिखाने की है, चलाने की नहीं." मग त्याने समजावलं. पॅडल मारलं की जोर चाकाकडे जायला हवा. स्वस्त स्प्रिंगच्या सायकलीत त्यातला काही जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. चढावर उभं राहून मारलं, तर सायकल नुसती खालीवर डुलते. शिवाय स्प्रिंगचं वजन वेगळं, आणि सांध्यातला बुश झिजला की मागचं चाक डगमगतं.

आता कुणी म्हणेल, मग आपली जुनी काळी सायकलच बरी. मला तसं म्हणायचं नाही. १८८५ च्या 'रोव्हर' सायकलीनंतर जी चौकटीची फ्रेम रूढ झाली, तिच्यामागे पक्कं गणित आहे. त्रिकोणाच्या बाजू लांब-आखूड झाल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून बारीक नळ्यांतही ती माणसाचं वजन पेलते. पंजाबातले दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून जातात. त्यांच्यासाठी वरची दांडी दुहेरी केलेली सायकल मिळते. पण हीच दांडी आपल्यापैकी कितीजणांना लहानपणी आडवी आली! तिच्याखालून तिरका पाय घालून अर्धं पॅडल मारत आपण शिकलो. साडीतल्या बाईला तर तिने सायकलवर बसूच दिलं नसतं. म्हणून दांडी खाली आणून लेडीज सायकल झाली. त्रिकोण मोडला की फ्रेम जास्त लवचते, म्हणून कारागिरांनी दोन नळ्या समांतर लावल्या किंवा नळी जाड केली. थोडं वजन वाढलं, पण बाई सायकलवर बसली. बिहार सरकारने २००६ मध्ये मुलींसाठी सायकल योजना आणली, तेव्हा हजारो मुली शाळेत अशाच सायकलींवर निघाल्या. माझ्या मते वेगळी फ्रेम असावी, तर अशी.

आमच्या पेशातलंही एक उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात बीएसएने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली. तिच्या फ्रेममध्ये सरळ दांडी नाहीच. दोन्ही बाजूंनी कमानीसारख्या वळलेल्या समांतर नळ्या आणि मध्ये बिजागरी. हाताने फिरवायचे नट सैल केले की सायकल दुमडते. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या फोटोंत घडीच्या सायकली दिसतात. ती फ्रेम आजही देखणी वाटते. पण तिचं प्रत्येक वळण सायकल घडी करून विमानातून नेता यावी, यासाठी होतं.

उलट बाजूची चूकही होते. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने, पाठ टेकून चालवायच्या सायकलवर पॅरिसमध्ये तासाभरात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकलींना शर्यतीतून बाहेर काढलं. दिसायला ओळखीची नाही म्हणून उपयोगाची वस्तू नाकारणं आणि दिसायला झकपक म्हणून निरुपयोगी वस्तू घेणं, माझ्या लेखी एकच. दोन्हीकडे चालवणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

सुंदर सायकल घेऊ नये असं नाही. पोरीला आवडेल अशी सायकल हवीच. आवडली नाही तर ती चालवणार कशी? फक्त फ्रेमच्या प्रत्येक वळणाला विचारावं, बाबा, तू इथं कशासाठी? आम्ही पाठीवरच्या पिठ्ठूतली प्रत्येक वस्तू याच प्रश्नाने निवडतो, कारण ती वाहायची आपल्यालाच असते. मी दुकानात हा प्रश्न विसरलो, कारण ती सायकल मला चालवायची नव्हती.

एप्रिलच्या सुट्टीत पुतणीला घेऊनच तालुक्याच्या दुकानात गेलो. या वेळी मी गप्प बसलो. तिने एक खाली दांडीची निळी सायकल बाहेर काढली, दुकानासमोर दोन चकरा मारल्या, कॅरिअरची क्लिप उघडून पाहिली आणि म्हणाली, "हीच."

लाल स्प्रिंगची सायकल अजून अंगणात आहे. गावातली पोरं तिच्यावर बसून फोटो काढतात.