आधी जुनी रांग, मग नवा सर्व्हर

मलकापूरसारख्या गावात मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला रांगेची किंमत शहरातल्या मंडळींपेक्षा लवकर कळते. आंबा घाटाच्या अलीकडचा हा पट्टा पावसाचा. आषाढात वीज गेली, लाइन तुटली की पतसंस्थेच्या थकबाकीच्या नोटिसा आणि दूध संस्थेची बिलं सर्व्हरवरच, न गेलेल्या मेलच्या रांगेत साठतात. अशातच कोणीतरी सेंडमेल हा जुना मेल प्रोग्राम काढून त्या जागी पोस्टफिक्स बसवायचं ठरवतो. काम तासाभरात होतं, नवा सर्व्हर आपली रांग रिकामी दाखवतो आणि सगळे खूश होतात. जुनी रांग मात्र डिस्कवर तशीच पडलेली असते. ती वाचणारा प्रोग्रामच आपण उडवलेला असतो.

आपल्याकडे भीती वाटते ती सर्व्हर बंद राहण्याची. ती बरीचशी अनाठायी आहे. तुमचा सर्व्हर दोन तास बंद असला तर पाठवणारे सर्व्हर मेल स्वतःपाशी ठेवून पुन्हा प्रयत्न करतात. एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या मानकाने त्यांना निदान ४-५ दिवस धीर धरायला सांगितलं आहे. ज्या मेलला तुमच्या सर्व्हरने ‘२५०’, म्हणजे ‘स्वीकारला’, असं उत्तर दिलं, त्याची गोष्ट वेगळी. पाठवणाऱ्याने आपली प्रत तेव्हाच पुसली. तो मेल पोचवणं, किंवा पोचला नाही असं कळवणं, आता सर्वस्वी तुमच्या अंगावर.

म्हणून काही हुशार लोक जुन्या फायली नव्या फोल्डरात उचलून टाकतात. ते चालत नाही. सेंडमेल पाकीट (कोणाकडून, कोणाला) आणि मजकूर ‘क्यूएफ’ व ‘डीएफ’ अशा दोन फायलींत ठेवतो, पोस्टफिक्स दोन्ही एकाच बायनरी फायलीत. मग स्क्रिप्ट लिहून मेल नव्याने आत सोडायचा मोह होतो, आणि खरा घोटाळा इथेच होतो. स्क्रिप्टने पत्ते ‘टू’ या हेडरवरून घेतले, तर दहापैकी ज्या आठ जणांना मेल आधीच मिळाला त्यांना तो पुन्हा जातो, आणि ‘बीसीसी’तल्या माणसाला कधीच मिळत नाही. थकबाकीची नोटीस दोनदा मिळालेला सभासद फोनवर काय बोलतो, ते संस्थेच्या व्यवस्थापकाला विचारा.

आमचं मत सरळ आहे: जुनी रांग जुन्या प्रोग्रामलाच संपवू द्या. जुन्या प्रोग्रामची फाइल नाव बदलून ठेवा, मेल घेणारं पोर्ट २५ नव्याला द्या, आणि जुन्याला फक्त ‘-क्यू’ देऊन ठरावीक वेळाने रांग चालवायला लावा. पोस्टफिक्सच्या मांडणी-पुस्तिकेतही हाच मार्ग सांगितला आहे. नवा सर्व्हर वेगळ्या यंत्रावर असेल, तर जुन्याला त्याच्याकडे रिले करायला सांगता येतं. मेल रीतसर एसएमटीपीने जातो आणि पलीकडून ‘२५०’ आल्यावरच इथून पुसला जातो. मात्र आपल्या डोमेनचं नाव जुन्याच्या स्थानिक यादीतून आधी काढा. रिलेचा हा उपाय एकाच यंत्रावर करू नका. समोरच्या अभिवादनात स्वतःचंच नाव दिसलं, की सेंडमेल मेल फिरून आला असं समजून तो कायमचा नाकारतो. नव्या पोस्टफिक्सवर पहिले काही दिवस ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू असावा, म्हणजे आपल्या चुकीने नाकारलेला मेलही पाठवणाऱ्याकडे टिकून राहतो.

सेंडमेलच्या ८.१२ आवृत्तीपासून एक दुसरी रांगही असते, ‘क्लायंटएमक्यू’. यंत्रावरच्या प्रोग्रामांनी पाठवलेले मेल पुढे जाऊ शकले नाहीत की तिथे अडकतात आणि नेहमीच्या ‘मेलक्यू’ यादीत दिसत नाहीत. जुन्या सर्व्हरवर ती आवर्जून उघडून बघा.

रांगेकडे असं दुर्लक्ष पूर्वी होत नसे. १९८७च्या सुमाराला मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत श्रीनिवासन रमणी आणि सहकाऱ्यांनी ई-मेलची देवाणघेवाण सुरू केली, तेव्हा मेल यूयूसीपीने, फोन लावून जात. फोन लागेपर्यंत सगळं स्पूलमध्ये. ताटकळणं हा तेव्हा रोजचा व्यवहार होता, म्हणून रांगेकडे लक्षही रोज असे. आता मेल क्षणात जातो आणि रांग आठवते ती बिघाड झाल्यावरच.

सर्व्हर बदलणार असाल तर मार्चअखेर आणि आषाढ टाळा. दोन्ही रांगा रिकाम्या दिसेपर्यंत, आणि त्यानंतरही आठवडाभर, जुना सेंडमेल काढू नका.