रेडिओलहरी सार्वजनिक आहेत, मग आपण काठावर का?



मागच्या जयंतीच्या आधी जिल्ह्यातल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्राने आम्हा कार्यकर्त्यांना बोलावले. 'स्थानिक कला' या कार्यक्रमासाठी त्यांना अर्धा तास भीमगीते हवी होती. आम्ही वस्तीतल्या एका आजींना घेऊन गेलो. वय ऐंशीच्या घरात, वही नाही, सगळी गाणी तोंडपाठ. दोन गाणी झाली. तिसऱ्या गाण्यात विहिरीवरून हाकलून दिल्याचे कडवे आले आणि काचेपलीकडून हात हलला. थांबा. "आजी, एवढे जातीचे नको. बाबासाहेबांच्या जन्माचा पाळणा येतो का?" आजींनी पाळणा म्हटला. प्रसारित झाला तो तेवढाच.

त्याच आठवड्यात त्या केंद्रावर जुन्या वाड्यांवर, दिंडीवर आणि गावतळ्यावर येणाऱ्या पक्ष्यांवर कार्यक्रम झाले. चांगले झाले. आमचे भांडण पक्ष्यांशी नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. तळ्यावरचे पक्षी मोजले गेले, पण त्या तळ्यावर कोणाला पाणी भरू दिले जात नव्हते हे सांगायला 'निसर्ग' या सदरात जागा नाही, 'नागरी जीवन' या सदरात जागा नाही आणि 'स्थानिक कला' या सदरात गायला गेले तर हात हलतो. मग हे सांगायचे कुठे?

महाडचे चवदार तळे हा निसर्ग की नागरी जीवन? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे आपलेच होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्याला त्याचे पाणी मिळाले नाही. बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कागदावरच्या हक्काची खरी किंमत सगळ्यांना कळली.

आता दुसरे तळे पाहा. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची किंवा भांडवलदाराची मक्तेदारी असू शकत नाही. हा निकाल देणाऱ्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली नोंदणीकृत सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची परवानगी मिळाली. कागदावर तळे पुन्हा खुले झाले. आणि आपण? आपण काठावर उभे राहून दुसऱ्यांच्या घागरी मोजत आहोत.

ज्यांनी हे पाणी घेतले त्यांचे उदाहरण दूरचे नाही. आजच्या तेलंगणातल्या झहीराबादजवळ माचनूर हे गाव आहे. तिथे दलित महिलांनी संघम रेडिओ उभा केला. स्टुडिओ तयार होता, कार्यक्रम तयार होते, परवानगी नव्हती. म्हणून अनेक वर्षे या बायका आपले कार्यक्रम कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून गावोगावच्या बैठकांत ऐकवत राहिल्या. १५ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसारण सुरू झाले तेव्हा उद्घाटनाला तेच न्यायमूर्ती सावंत होते. कोरडवाहू शेतीत राबणाऱ्या, शाळेत फारशा न गेलेल्या बायका ध्वनिमुद्रण करतात, संपादन करतात, निवेदन करतात. ज्वारी, बाजरी, राळा यांचे बियाणे कसे राखायचे, कोणत्या रानभाजीचा काय उपयोग, कापणीचे गाणे कसे म्हणायचे, हे सगळे त्यांच्या स्वतःच्या बोलीत. त्यांच्या रेडिओवर कला, नागरी जीवन आणि निसर्ग अशी वेगवेगळी कपाटे नाहीत, कारण त्यांच्या जगण्यातही ती नाहीत.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला एक गोष्ट कळली. वर्चस्व गाजवणारा वर्ग नेहमी बंदी घालत नाही. तो व्याख्या करतो. 'कला' म्हणजे काय, 'नागरिक' म्हणजे कोण, 'निसर्ग' म्हणजे कोणता, हे तो ठरवतो आणि उरलेल्या सगळ्याला 'जातीचे' म्हणून बाजूला ठेवतो. वाडा हा वारसा होतो, पण महारवाडा वारसा होत नाही. स्वच्छतेवर तास तास चर्चा होते, पण गटारात उतरणाऱ्याला कोणी माइकसमोर बसवत नाही. गायरानावरची झाडे 'जैवविविधता' होतात, पण त्याच गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले, हा त्या जमिनीचा इतिहास म्हणून कोणी सांगत नाही.

आता आपल्याच मित्रांचे आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप: "रेडिओ कोण ऐकतो? आपले यूट्यूब चॅनेल आहेत ना." आहेत, आणि असावेत. पण ते चॅनेल आपले नाही, कंपनीचे आहे. कोणाला काय दिसावे हे ती ठरवते आणि एका तक्रारीवर ते बंदही करू शकते. शिवाय जिच्याकडे रिचार्ज नाही, जी भांगलताना पडद्याकडे बघू शकत नाही, त्या बाईचे काय? रेडिओ ऐकायला डेटा लागत नाही आणि हात मोकळे राहतात.

दुसरा आक्षेप: "तिथे बातम्या आणि राजकारण चालत नाही, मग उपयोग काय?" हा नियम आहे हे खरे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, पण स्वतःच्या गावाची बातमी स्वतःच्या तोंडाने देता येत नाही. हा नियम बदलावा म्हणून भांडलेच पाहिजे. पण पाळीचे पाणी कोणत्या गल्लीत येते आणि कोणत्या येत नाही, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती, रेशनकार्डावर किती धान्य मिळायला हवे, हे सांगायला कोणता नियम आडवा येतो? आपल्या वस्तीसाठी यापेक्षा मोठे प्रबोधन दुसरे काय असते?

तिसरा आक्षेप: "पैसा कुठे आहे?" जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर किती खर्च होतो ते आपापल्या मंडळाच्या वहीत बघा. आम्ही जयंतीच्या विरोधात नाही. पण ज्या आवाजाने भिंती हादरतात आणि शब्द एकही कळत नाही, त्याला आम्ही चळवळीचा आवाज म्हणणार नाही. चळवळीचा आवाज जलशाचा होता. भीमराव कर्डकांनी, वामनदादांनी गावोगाव फिरून निरक्षर माणसाला विचार समजावला तो शब्दांनी. शंभर वॅटचा प्रक्षेपक आजूबाजूच्या दहा-बारा किलोमीटरांत तेच काम रोज करू शकतो. सामग्रीच्या खरेदीसाठी केंद्र सरकारची अनुदान योजनाही आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची साधी जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. बाबासाहेब 'केसरी'त जागा मागत बसले नाहीत. त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढला, 'जनता' काढले, 'प्रबुद्ध भारत' काढले. आपण मात्र शंभर वर्षांनंतरही दुसऱ्याच्या केंद्रावर अर्ध्या तासाचे पाहुणे म्हणून जातो आणि त्यांनी सांगितले तेवढेच गाऊन परत येतो. त्या दिवशी हात हलला तेव्हा आम्हीही गप्प बसलो. उठून यायला हवे होते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्यांच्या संस्थेची नोंदणी होऊन तीन वर्षे झाली आहेत आणि ज्यांचे काम लोकांना माहीत आहे, त्यांनी अर्जाची तयारी सुरू करावी. परवाना व्यक्तीला मिळत नाही, राजकीय पक्षाला आणि त्याच्या संलग्न संघटनांना मिळत नाही. तेव्हा गटातटाचे झेंडे बाहेर ठेवूनच बसावे लागेल. आपल्या माणसांच्या शिक्षणसंस्थांनाही हा अर्ज करता येतो, त्यांच्या संचालकांना जाऊन विचारा. आणि परवान्याची वाट बघत थांबू नका. माचनूरच्या बायकांनी कॅसेटवर सुरुवात केली, आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. या रविवारपासून वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची गाणी, विहिरीच्या आठवणी, रानातल्या औषधी पाल्याची माहिती ध्वनिमुद्रित करा आणि विहारात वंदनेनंतर अर्धा तास ऐकवा.

आजी या पावसाळ्यात गेल्या. पाळणा रेडिओवर वाजला होता. विहिरीचे गाणे आमच्यापैकी एकानेही पूर्ण उतरवून घेतले नव्हते. ते आता कोणालाच येत नाही.

जय भीम!