बारा गावचं पाणी, बारा संघांची जर्सी

दोस्तांनो, ‘बारा गावचं पाणी प्यालेला’ हा वाक्प्रचार तुम्ही व्याकरणाच्या पुस्तकात वाचला असेल. खूप फिरलेला, पुष्कळ पाहिलेला माणूस, असा त्याचा अर्थ. आज अशाच एका खेळाडूला भेटूया. नाव माईक सिलिंजर, खेळ आइस हॉकी. आणि गावं? अगदी मोजून बारा!

आधी खेळाविषयी थोडं. आपली हॉकी मैदानावर, ही बर्फावर. पायांत स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती. तिला म्हणतात ‘पक’. गोलकीपर धरून प्रत्येक संघाचे सहा जण एका वेळी बर्फावर असतात. अमेरिका आणि कॅनडातली ‘नॅशनल हॉकी लीग’ ही या खेळातली सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा.

माईक १९७१ साली कॅनडातल्या रिजायना शहरात जन्मला. या लीगमध्ये दरवर्षी सगळे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. १९८९ च्या निवडीत त्याला डेट्रॉइटने अकराव्या क्रमांकावर उचललं. तेव्हा त्याला अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती! पण डेट्रॉइटकडे त्याच्याच जागेवर खेळणारे स्टीव्ह आयझरमन आणि सर्गेई फेडोरोव्ह असे दोन दिग्गज होते. माईकच्या वाट्याला खेळ कमीच यायचा. अखेर १९९५ मध्ये डेट्रॉइटने त्याला अनाहाइमला देऊन टाकलं.

देऊन टाकलं म्हणजे? तुम्ही पोस्टाची तिकिटं बदलता ना, ‘हे माझ्याकडे जास्तीचं आहे, तू मला ते दे’, तसंच! इथे संघ एकमेकांत खेळाडू बदलतात. काही बड्या खेळाडूंच्या करारात ‘आम्हाला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही’ असं कलम असतं. बाकीच्यांना कोण विचारतो? निरोप आला की बॅग भरायची आणि निघायचं.

माईक निघत राहिला. अनाहाइमनंतर व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया, टॅम्पा बे, फ्लोरिडा, ऑटावा! २००१ मध्ये करार संपल्यावर त्याने स्वतःच कोलंबस निवडलं. तिथे दोन मोसम बरे गेले. मग २००३ च्या जुलैत कोलंबसने त्याला डॅलसला दिलं आणि डॅलसने त्याच दिवशी पुढे फीनिक्सला! डॅलसची जर्सी अंगावर चढलीच नाही. घरात तेव्हा दोन महिन्यांचं बाळ होतं. पुढे सेंट लुईस, नॅशव्हिल आणि शेवटी २००६ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्स. १७ मोसम, १२ संघ. या लीगमध्ये इतक्या संघांकडून दुसरं कुणीच खेळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यांनी सोडलं म्हणजे गडी कच्चाच असणार. पण जरा उलटं बघा. प्रत्येक वेळी एकाने सोडलं, तसं दुसऱ्याने मागून घेतलं. का बरं? कारण माईक ‘फेसऑफ’मध्ये पक्का होता. खेळ सुरू करताना पंच दोन खेळाडूंच्या मधोमध पक टाकतो. ज्याने ती काठीने आधी आपल्या बाजूला ओढली, त्याच्या संघाला खेळ मिळतो. एका सामन्यात असं पन्नास-साठ वेळा होतं. क्षणाचं काम, टाळ्याही नाहीत. पण प्रशिक्षकाचं लक्ष तिथेच असतं. शिवाय आपला एखादा खेळाडू शिक्षा होऊन दोन मिनिटं बाहेर बसला की अपुऱ्या संघानिशी किल्ला लढवायला माईक हजर!

गंमत म्हणजे त्याचा सर्वांत चांगला मोसम आला चौतिसाव्या वर्षी. २००५-०६ मध्ये त्याने ३२ गोल केले, तेही अर्ध्या मोसमात संघ बदलून. खुब्याच्या दुखण्यामुळे २००९ साली तो थांबला, तेव्हा नावावर १०४९ सामने आणि २४० गोल होते. मानाचा स्टॅनले कप मात्र त्याला कधीच मिळाला नाही. डेट्रॉइटने तो १९९७ मध्ये जिंकला, तेव्हा माईक व्हँकुव्हरला होता. वाईट वाटलं ना?

आणि ते दोन महिन्यांचं बाळ आठवतंय? त्याचं नाव कोल. २०२१ च्या निवडीत त्याला बाराव्या क्रमांकावर घेतलं ते कोलंबसने, म्हणजे तो जिथे जन्मला त्याच शहराच्या संघाने!

आता एक काम. आई-बाबांच्या बदलीमुळे यंदा तुमच्या वर्गात कुणी नवीन आलंय का? त्याला ‘कुठून आलास?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तुला काय छान जमतं?’ हेही विचारा, आणि मधल्या सुट्टीत खेळायला घ्या. काय सांगावं, तुमच्या संघाला हवा असलेला गडी तोच निघायचा!