गोष्ट संपते तिथं थांबू द्या

दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाखाली ‘कथालेखन’ येतं. कधी मुद्दे दिलेले असतात, कधी अर्धी गोष्ट देऊन पुढची लिहायची असते, कधी नुसते चार शब्द. पाच गुणांचा प्रश्न. पाचांतले चार कुणीही सोडत नाही, म्हणून क्लासमध्ये त्याची तयारी करून घेतात. गाईडमधल्या आठ-दहा गोष्टी पाठ केल्या की कुठल्याही मुद्द्यांना त्यातली एक तरी बसवता येते. रिक्षात विसरलेली पैशांची बॅग, ती परत करणारा प्रामाणिक रिक्षावाला, शाळेत सत्कार आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य.

मी हायस्कूलात मराठी शिकवते. माझ्या वर्गात एका मुलीच्या वडिलांची स्वतःची रिक्षा आहे. तिच्याही गोष्टीतला रिक्षावाला गाईडमधलाच होता. मी तिला विचारलं, रिक्षात खरंच काय-काय विसरतात गं लोक? ती भराभर सांगायला लागली. छत्र्या, जेवणाचे डबे, एकदा दवाखान्याच्या रिपोर्टची पिशवी. त्या पिशवीवर नाव होतं, पत्ता नव्हता. वडील दोन दिवस त्या दवाखान्याच्या दारात रिक्षा लावून बसले होते. हे सगळं तिला माहीत होतं आणि वहीत त्यातलं एक अक्षर नव्हतं. आपल्या घरातलं असं काही गोष्टीत चालतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘आजकालच्या मुलांना कल्पनाशक्ती नाही’ हे वाक्य स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येतं. मला ते अजिबात मान्य नाही. ‘कल्पनाशक्ती वापरून लिहा’ अशी सूचना दिली की मूल आधी ऐकलेलंच आठवून लिहितं. मोठी माणसंही तेच करतात. कल्पनेला उभं राहायला डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी लागतं. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ 1949 साली आलं, त्यात त्यांच्या मुलखातलीच माणसं होती. मॅट्रिकही न झालेल्या या लेखकानं आपल्या आसपासच्या माणसांकडे टक लावून पाहिलं होतं, आणि मराठी कथेची वाट बदलणाऱ्या चार-पाच नावांत ते जाऊन बसले.

म्हणून वर्गात मी आधी गोष्ट मागतच नाही, माहिती मागते. तुला नीट येणारं एक काम सांग. घरात कोण कुणाशी बोलत नाही? गावात कुठलं दार कायम बंद असतं? मुलं लिहून आणतात. मग दुसरी पायरी, आणि खरी गोष्ट इथं सुरू होते. त्या खऱ्यातली एकच बाब बदलायची. बोलत नसलेल्या दोघांना एका दवाखान्यात शेजारी बसव. बंद दार एका सकाळी उघडं दिसू दे. एवढ्या एका बदलानं बाकीचं सगळं हलायला लागतं, आणि पुढं काय होईल याचं उत्तर गाईडात सापडत नाही.

आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला गुऱ्हाळं आहेत. दहावीतल्या एका मुलानं गुऱ्हाळावर लिहिलं. चिपाडाचा जाळ, काहिलीतला उकळता रस, भेंडीचं पाणी घातल्यावर वर येणारी मळी, ती काढायची घाई, सगळं त्याच्या हातात होतं. गोष्ट अशी होती: रात्रपाळीला जाळ घालणारा माणूस जेवायला जातो आणि चुलवाणापाशी एका पोराला बसवतो. पोराला डुलकी लागते. दचकून जागा होतो तो जाळ मंदावलेला. घाबरून तो भसाभसा चिपाडं आत सारतो. जाळ भडकतो आणि आधण करपतं. गूळ शिजवणारा गुळव्या येतो, थेंबभर पाक थंड पाण्यात सोडून बोटांनी गोळी करून बघतो. मग काहिलीकडे बघतो, मग पोराकडे. आणि एवढंच म्हणतो, ‘घरला जा. नीज आता.’ सकाळी वाफ्यात ओतलेला गूळ काळपट पडतो, सौद्यात दर मिळत नाही. मालक गुळव्याला बोल लावतो. गुळव्या ऐकून घेतो. संपली गोष्ट.

मी त्याला विचारलं, पोराला झोप लागली होती हे गुळव्याला कळलं होतं का रे?

तो म्हणाला, ‘त्येच मला बी ठरवता येईना, मॅडम.’

दोन दिवसांनी तो परत आला. गुळव्यानं पोराकडे बघितल्याची ओळ त्यानं आधी खोडली होती, मग पुन्हा लिहिली होती. म्हणाला, ‘ऱ्हाऊ दे.’ त्याचं बरोबर होतं. ती ओळ असल्यामुळेच वाचणाऱ्याच्या मनात शंका राहते. पंधरा वर्षांच्या मुलाला हे स्वतःच्या गोष्टीतून समजलं. मी शिकवून समजलं नसतं. त्या गोष्टीखाली ‘तात्पर्य : कामात हयगय करू नये’ असं लिहायला लावलं असतं तर तो गुळव्या तिथंच मेला असता.

आता त्या ‘घरला जा’बद्दल. अशा वाक्याला वहीत लाल गोल पडतो आणि वर ‘घरी’ लिहिलं जातं. निवेदन प्रमाण मराठीत असावं, हा आग्रह मी समजू शकते, माझाही असतो. पण गुळव्याच्या तोंडी ‘आता तू घरी जाऊन झोप’ घातलं की तो गुळव्या राहत नाही. शंकर पाटलांनी याच मुलखाची बोली कथेत आणली, आणि 1985 साली नांदेडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मधला बाप बाजारात आपलीच टोमॅटो तुडवतो, ती कथा पाठ्यपुस्तकातून मुलांच्या हाती आली. पुस्तकातल्या बोलीवर आपण प्रश्न विचारतो, वहीतली बोली मात्र चूक धरतो. हा दुजाभाव थांबायला हवा.

साठ मुलांच्या तुकडीत एवढं करायला वेळ कुठून आणायचा, असा प्रश्न सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे, मीही तो रोज झेलते. मी सगळ्या चुका दुरुस्त करत बसत नाही. प्रत्येक वहीत त्या मुलाशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं असं एक वाक्य शोधते आणि त्याखाली रेघ मारते. पहिल्या वेळी बऱ्याच वह्यांत असं वाक्य सापडतच नाही. दिवाळीनंतर सापडायला लागतं. आणि गोष्टी मोठ्यानं वाचायला लावते, जोडी-जोडीनं. वाचताना जिथं ऐकणारा कंटाळतो, ती जागा लिहिणाऱ्याला आपोआप कळते.

आता मोबाइलवर विषय टाकला की तयार गोष्ट पडद्यावर येते. तीही बहुधा गाईडातल्यासारखीच असते, फक्त शुद्धलेखन चांगलं. नक्कल ओळखायला मला कुठलं यंत्र लागत नाही. गोष्टीत न लिहिलेलं विचारायचं: त्या रात्री गुऱ्हाळावर अजून कोण होतं? चुलवाणापाशी पोरगं कशावर बसलं होतं? स्वतः लिहिणाऱ्याकडे लगेच उत्तर असतं. कारण कागदावर उतरलं त्याच्या कितीतरी पट त्याच्या मनात असतं. ज्याची गोष्ट नाही, तो कागदाकडे बघायला लागतो.

ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून कथेचं तंत्र मराठीत समजावून सांगितलं. त्यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी 1985 साली कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं, तिथं मुलांच्या अनुभवाला शिक्षणाचा पाया मानलं. वर्गात मला वडिलांचं आणि मुलीचं, दोघांचंही लागतं. पण क्रम लीलाताईंपासून धरावा. अनुभव आधी, तंत्र नंतर. आपल्याकडे तो उलटा धरला जातो: आरंभ, मध्य, शेवट, शीर्षक, तात्पर्य यांची चौकट फळ्यावर आधी येते आणि मूल ती भरत बसतं.

दहावीचे पेपर तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. गठ्ठ्यात एखादी कथा तुम्हाला अशी भेटेल की जिच्याखाली तात्पर्य नाही, जिच्यातली माणसं आपल्या गावच्या बोलीत बोलतात आणि जिचा शेवट गोड नाही. तिचे गुण कापू नका. पुन्हा एकदा वाचा आणि हात सैल सोडून गुण द्या. आणि पालकांनो, मुलानं गोष्टीत घरातलं काही लिहिलं तर रागवू नका. वाचून दाखव म्हणा, आणि शेवटपर्यंत ऐका.