हा ‘आपण’ कोण?

‘आपण जिंकलो’ म्हंजे नेमकं कोण जिंकलं?

२९ जून २०२४ च्या शनिवारी रात्री बार्बाडोसला भारतानं दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवलं. वीस षटकांचा विश्वचषक आला. कल्याण-डोंबिवलीत जो तो ‘आपण, आपण’. सोमवारी सकाळच्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत तेच कीर्तन. मी गप्प, तर एकानं विचारलं, ‘काय रे, तू कुठल्या देशाचा?’

दोस्तहो, मला क्रिकेटचा राग नाही. फळीची बॅट करून गटारीच्या कडेला आम्हीबी खेळलोय. राग आहे तो या ‘आपण’चा. वर्षभर ‘तुम्ही लोक’, ‘तुमची वस्ती’, ‘तुमच्या सवलती’. मॅचच्या रात्री तेवढं ‘आपण’. डोंबिवलीत भाड्याची खोली बघायला जा अन् आडनाव सांगा. गोदीत माझ्या पाठीवर पोतं चढवताना कुणी ‘आपण उचलू’ म्हणत नाही.

४ जुलैला मरीन ड्राइव्हवर विजयाची मिरवणूक निघाली. गर्दी पांगली अन् रस्त्यावर चपला-बुटांचा खच उरला. महापालिकेच्या सफाई कामगारांनी रात्रभर खपून ११ हजार किलोच्या वर कचरा उचलला. ते कुठल्या वस्त्यांतून येतात, हे सांगायला पाहिजे काय?

हा ‘आपण’ जुनाच आहे. बाळू पालवणकर चांभाराचा पोरगा. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी राखायचा, साहेबांना चेंडू टाकायचा. त्यातनं त्याची डावरी फिरकी पक्की झाली. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्याला घेतला. मैदानात त्यानं टाकलेला चेंडू सगळे झेलायचे. चहाची वेळ झाली की तो बाहेर, मातीच्या भांड्यात. बाकीचे आत, चिनी मातीच्या कपात. बोटं चालायची, ओठ चालायचे नाहीत! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाची कप्तानी मात्र त्याच्या नावावर कधी लागली नाही. ती १९२३ साली धाकट्या विठ्ठलला मिळाली, तीसुद्धा भावांनी आधी संघातून अंग काढून भांडण केल्यावर. पुढं १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला अन् पडला. ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून बाहेर बसून प्यालेला तो चहा गोड होत नाही.

हे जुनं झालं म्हणता? ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिक. महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला. त्याच स्पर्धेत वंदना कटारियानं एका सामन्यात ३ गोल मारले होते. तरी हरिद्वारजवळ तिच्या घरापुढं फटाके वाजले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. तक्रार घरच्यांना द्यावी लागली. जिंकली असती तर ‘आपण’, हरली तर ‘ती’.

आता आपल्या पोरांशी थोडं. त्या शनिवारी बैठक ठेवली होती, दोघं आले. बाकीचे टीव्हीपुढं. पुढच्या फायनलला खुशाल बघा, बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊ. येताना एवढंच सांगायचं, बाळूचं नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलं होतं?