वेरूळच्या कामांचं मॉडेल शेवटी कुणाच्या हाती राहणार?

प्रति,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि जिल्हा प्रशासन, छत्रपती संभाजीनगर



नाशिकला २०२७ मध्ये कुंभमेळा आहे. तिथवर आलेला भाविक वेरूळच्या घृष्णेश्वराच्या दर्शनालाही येणार, हे धरूनच चालायला हवं. त्यासाठी वाहनतळ, दर्शनरांग, स्वच्छतागृहं, सांडपाण्याच्या लाइनी अशी कामं वेरूळमध्ये लागतील. या कामांच्या निविदांमध्ये बिम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, नीट मागा, एवढ्यासाठी हे पत्र.

बैठकांत बिम म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुतेक वेळा रंगीत चलचित्र असतं. इमारत गोल फिरते, झाडं डोलतात, बैठक संपते. खरं मॉडेल हा माहितीचा साठा आहे. त्यातल्या पंपावर बोट ठेवलं की तो किती अश्वशक्तीचा, कोणी बसवला, हमी कधी संपते आणि दुरुस्तीसाठी पाणी तोडायचं तर कोणता व्हॉल्व्ह फिरवायचा, हे कळलं पाहिजे.

एका सरकारी इमारतीत गळती शोधण्यासाठी ठिकठिकाणी भिंत फोडलेली मी पाहिली आहे. नकाशात लाइन खिडकीच्या डाव्या अंगाला होती, सापडली उजव्या अंगाला. काम चालू असताना तुळई आडवी आली म्हणून प्लंबरने ती वळवली होती. हे प्लंबरला ठाऊक होतं, मुकादमाला ठाऊक होतं. कागदावर मात्र कुणी चढवलंच नाही. दोघंही दुसऱ्या साइटवर गेले आणि माहितीही त्यांच्याबरोबर गेली.

वेरूळला अशी चूक फार महाग पडते. इथे थोडं खणलं की काळा पाषाण लागतो. याच पाषाणात राष्ट्रकूटांच्या काळात कैलास लेणं कोरलं गेलं. लेण्यांच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. अशा ठिकाणी चर खोदून झाल्यावर सांडपाण्याची लाइन आणि वीज केबल एकाच पातळीवर आल्याचं कळलं, तर पुन्हा खडक फोडायचा का? हा गुंता खोदाईआधी मॉडेलमध्येच सुटतो. पण त्यासाठी प्रत्येक खात्याची जुनी लाइन त्यात खरी खोली मोजून भरलेली हवी. अंदाजाने भरलेली माहिती कोऱ्या कागदापेक्षा घातक, कारण तिच्यावर विश्वास ठेवूनच पुढचा माणूस खणतो.

हे महाराष्ट्रात जमत नाही, असं कुणी म्हणू नये. नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बिम वापरलं, म्हणजे त्रिमिती मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडला. मेट्रोएवढा पैसा इथे नाही, हे मान्य. पण खालची मागणी पैशांपेक्षा शिस्तीची आहे.

आयएसओ १९६५० या मानकाचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले. कोणती माहिती, कधी आणि कशासाठी हवी, हे मालकाने आधी सांगावं, असं ते मानक म्हणतं. इथे मालक तुम्ही आहात. तुम्ही ‘बिम आवश्यक’ एवढीच ओळ घातलीत, तर कंत्राटदार चलचित्रच देणार. मॉडेल आयएफसी या खुल्या स्वरूपातही मागा, नाहीतर उद्या परवाना संपला की तुमचीच फाइल तुम्हाला उघडणार नाही. साइटवर बदल झाला की शाखा अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीबरोबर मॉडेलही दुरुस्त झाल्याची खात्री करावी. प्रत्यक्ष जागेवर तपासलेलं मॉडेल हाती येईपर्यंत अंतिम देयक काढू नये. या एका अटीने बाकीच्या अटी पाळल्या जातील.

हे मॉडेल पुढे सांभाळायचं कुणी? जपानच्या कर्जसाहाय्यातून वेरूळला अभ्यागत केंद्र उभं राहिलं आणि पुढे बंद पडलं. पाणी-विजेच्या थकबाकीच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. बिम असतं तर ते चालू राहिलं असतं, असा माझा दावा नाही. पण विजेचा भार, पाण्याची गरज, वर्षाचा देखभाल खर्च हे आकडे मॉडेलमधून बांधकामाआधी काढता येतात आणि ते कुणाच्या अंदाजपत्रकात जाणार, हे तेव्हाच विचारता येतं.

म्हणून वेरूळच्या पुढच्या निविदेआधी तुम्ही चौघांनी एकत्र बसावं आणि मॉडेल ज्याच्या ताब्यात राहील त्या पदाचं नाव निविदेतच छापावं. बदली झाली की चार्ज देण्या-घेण्याच्या यादीत त्या मॉडेलचीही नोंद असावी.

कळावे,
आपला,
वेरूळ परिसरातील एक स्थापत्य अभियंता